मार्क ग्लासाला, पाटीला नाही

मागच्या अंकात ब्रूपबमधली, म्हणजे जागेवरच बनवून विकतात तिथली, ताजी बियर चाखायची कशी यावर दोन पानं लिहिली आणि शेवटी म्हटलं, शंका असतील तर कळवा. शंका आल्या, सल्ले आले, एका सद्गृहस्थांनी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ताही पाठवला. त्यांचे आभार. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच, की एका ब्रुअरीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. तिथे जेवणाआधी, जीभ ताजी असताना, बियर चाखणं हे कामच होतं आणि वाट्याला यायची ती घोटभर. आता निवृत्त होऊन नागपुरात परत आले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात सांगायला नको. महाराष्ट्रात माइल्ड बियरलाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आयुष्यभराचा हजारात. आता पत्रं.

ताई, सरळ विचारतो. नागपुरात आता ताजी बियर मिळते. पहिला नंबर कोणाचा, दुसरा कोणाचा, यादी छापा नं एकदाची. — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

नाही छापणार. भिडेखातर नाही, भीतीपोटीही नाही. पाटी तीच राहते आणि आतली बियर बदलत राहते, म्हणून. छोट्या ब्रुअरीत टाकी असते पाचशे-हजार लिटरची. ती रिकामी झाली की नवा घाणा. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पोतं वेगळं, यीस्ट किती वेळा वापरलेलं ते वेगळं, बनवणारा माणूसही कधी कधी वेगळा. मी जानेवारीत चाखलेल्या बियरला दिलेले मार्क तुम्ही एप्रिलमध्ये वाचून तिथे गेलात, तर ते मार्क भलत्याच बियरचे.

गर्दीचा हिशेबही धरा. बियरच्या दोन मोठ्या जाती, एल आणि लागर. एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला थंड टाकीत चार-सहा आठवडे शांत पडून राहावं लागतं. उन्हाळा लागला, क्रिकेट सुरू झालं, की टाक्या भराभर रिकाम्या होतात आणि लागर बिचारी अर्धवट झोपेतून उठून टॅपवर येते. हिवाळ्यात जिथली लागर उत्तम वाटली, तिथेच मे महिन्यात ती कच्ची लागू शकते.

तुम्ही एवढं करा: गेल्यावर विचारा, ‘यातली सगळ्यात नवी कोणती, टॅपवर कधी लागली?’ उत्तर नीट मिळालं तर बसा. वेटरने ‘सगळंच ताजं आहे सर’ म्हटलं तर एक छोटा ग्लास मागवून बघा, अख्खा मग नको.

व्हीट बियर मागवली. पिकलेल्या केळ्याचा वास, वरून गढूळ. परत केली. वेटर म्हणाला, ‘ही अशीच असते.’ कोण खरं? — धरमपेठ

वेटर. त्या बियरमध्ये केळं घातलेलं नसतं आणि ती खराबही झालेली नसते. बव्हेरियातल्या गव्हाच्या बियरची, म्हणजे हेफेवाइझेनची, ती ओळखच आहे. तिचं खास यीस्ट साखर खाता खाता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात मुख्य वाटा याच पदार्थाचा. शिवाय लवंगेच्या जवळ जाणारा एक वास तेच यीस्ट देतं. आंबवण थोडं गरम चाललं की केळं पुढे येतं, थंड ठेवलं की लवंग. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि तरंगणाऱ्या यीस्टचा.

गंमत अशी, की हाच केळ्याचा वास लागरमध्ये आला असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. लागर स्वच्छ लागायला हवी, तिच्यात केळं म्हणजे आंबवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. एकच वास एका जातीत गुण आणि दुसरीत दोष. म्हणून मार्क द्यायच्या आधी ग्लासात कोणत्या जातीची बियर आहे ते माहीत पाहिजे.

घोळ मेन्यूकार्डही करतात. ‘व्हीट बियर’ एवढंच छापतात आणि आत येते ती कधी बव्हेरियाची, कधी बेल्जियमची. बेल्जियन विटबियर वेगळी: तिच्यात माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल. ही जात मरून गेली होती. होएगार्डन नावाच्या गावात पिएर सेलिस यांनी १९६६ साली ती पुन्हा सुरू केली, म्हणून आज आपल्याला मिळते. केळ्याची सवय नसेल तर ती मागा.

आम्ही चार मित्र महिन्यातून एकदा बसतो. मी वहीत प्रत्येक बियरला दहापैकी मार्क लिहितो. वर्षभराची वही चाळली तर सगळ्यांना सात नाहीतर आठ. मग ही वही कशाला? — काँग्रेसनगर

सगळ्यात आवडलेलं पत्र हे. सात-आठचा रोग सगळ्यांना होतो. बियर थंड असते, मित्र जवळ असतात, पैसे गेलेले असतात. सहा द्यायला हात धजावत नाही आणि नऊ द्यायला कारण सापडत नाही.

दहाचा एकच आकडा सोडा. अमेरिकेत १९८५ पासून बियरच्या परीक्षकांची बीजेसीपी नावाची व्यवस्था आहे. त्यांच्या कागदावर एकूण ५० मार्क: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर मताला १०. दिसण्याला फक्त ३, हे बघा. आपण मात्र ग्लास आला की मोबाइल काढून आधी फोटो घेतो, आणि तेवढ्यात १२ मार्कांचा वास हवेत निघून जातो. हलके सुगंध पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच उडतात. ग्लास आला की त्याच्या तोंडावर तळवा ठेवा, हलकेच फिरवा, नाक घाला, दोन छोटे श्वास घ्या आणि आलं ते लिहा. घोट नंतर.

लिहायचं आणि गप्प बसायचं. हा नियम आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात कडक होता. चौघांतला एक जण ‘वा, मध येतोय’ म्हणाला की उरलेल्या तिघांनाही मध यायला लागतो. आधी चौघांनी लिहावं, मग बोलावं.

ग्लास फार थंड असेल तर थांबा. बर्फाच्या पापुद्र्याचा मग नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला देवासारखा वाटतो, मान्य आहे. पण तीन अंशांवर जीभ बधिर होते आणि बियरचे गुण-दोष दोन्ही लपतात. लागर पाच-सात अंशांवर, गव्हाची आठ-दहावर, काळी स्टाउट दहा-बारावर बोलायला लागते. दोन्ही हातांत ग्लास धरून बसा. शेवटचा तिसरा हिस्सा कोमट होत असताना पुन्हा चाखा, चोर तिथे सापडतो. आणि क्रम फिका ते काळा, कमी कडू ते जास्त कडू. आयपीएसारख्या खूप कडू बियरनंतर साधी लागर घेतली तर तिच्यावर अन्याय होतो.

फेस पटकन बसला तर लगेच ब्रुअरीला दोष देऊ नका. ओठाला लागलेलं शेंगदाण्याचं तेल, लिपस्टिक, नीट न धुतलेल्या ग्लासातला साबण, यांतलं काहीही फेस मारतं. तळलेला चखणा मार्क देऊन झाल्यावर. तोवर कोरा पाव किंवा साधे मुरमुरे आणि पाणी.

चवीचे २० मार्क कापायचे कशाकशाला? लोण्याचा वास आणि जिभेवर तुळतुळीतपणा आला तर तो डायअ‍ॅसिटिल. यीस्ट तो आधी बनवतं आणि शेवटी स्वतःच परत खातं. आंबवण संपताना टाकी दोनएक दिवस जरा उबदार ठेवली तर तो जातो, घाई केली तर राहतो. टॅपच्या नळ्या अस्वच्छ असल्या तरी लोणी येतं, मग तुमच्याच टेबलावर एका टॅपची बियर बरी आणि दुसऱ्याची खराब असं दिसतं. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळणं कमी पडलं. हिरव्या सफरचंदाचा आला तर बियर कच्ची काढली. व्हिनेगरसारखं आंबट लागलं तर जंतू शिरले. आंबट बियरची जात मुद्दाम मागवली असेल तर गोष्ट वेगळी. आणि दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास आला तर पाण्याकडे बघा. आपल्या शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं, शुद्धीकरणात क्लोरीन असणारच. तो कार्बनच्या गाळणीत काढून टाकला नाही, तर माल्टमधल्या फिनॉलशी जुळून हा वास तयार होतो आणि अगदी नखभर असला तरी नाकाला कळतो.

त्या कागदावर ३८ आणि वर म्हणजे उत्कृष्ट, ३० ते ३७ फार छान, २१ ते २९ चांगली, १४ च्या खाली म्हणजे काहीतरी गडबड. तुमची वही या मोजमापाने सुरू केली तर पहिल्याच महिन्यात २४ आणि ३६ असे आकडे दिसतील.

माझी एक भर. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘कशी बनली’, उजवीकडे ‘मला कशी लागली’. मला धुरावलेल्या माल्टची बियर अजिबात आवडत नाही, पण डावीकडे तिला मी चाळीसही दिले आहेत. उलट आंब्याचा सरबती पाक ओतलेली बियर उन्हाळ्यात मी आनंदाने पिते, आणि डावीकडे तिला वीसच्या आत बसवते. या दोन आकड्यांची सरासरी काढू नका, दोन्ही वेगळे राहू द्या.

त्यापेक्षा अ‍ॅपवर बघितलेलं काय वाईट? हजारो लोकांचं मत खोटं कसं असेल? — वर्धा रोड

हजारो असतील तर ऐकावं. पण आपल्याकडच्या ताज्या बियरला बहुतेक वेळा मूठभर लोकांनी तारे दिलेले असतात, आणि त्यांतले दोघे ब्रूमास्टरचे, म्हणजे बियर बनवणाऱ्याचे, मित्र. सात जणांची ४.६ सरासरी आणि तीनशे जणांची ३.९ सरासरी शेजारी ठेवली तर मी दुसरीकडे जाईन.

थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावं, हा प्रश्न मुळात बियरच्या धंद्यातच सुटला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचे रसायनज्ञ होते. बार्ली आणि हॉप्सचे (बियरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) मोजके नमुने हाताशी असताना निष्कर्ष कसा काढायचा, याचं गणित त्यांनी बसवलं आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरात ज्या टी-टेस्टने आपला घाम काढला, ती हीच.

अ‍ॅपची दुसरी खोड म्हणजे तिथे जड, काळ्या, जास्त अल्कोहोलच्या बियरला तारे सढळ हाताने पडतात. चार टक्क्यांची स्वच्छ लागर बनवणं फार अवघड, कारण तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. तिला बिचारीला साडेतीन.

आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. मोठ्या हौसेने ‘संत्रा बियर’ मागवली. संत्र्याचा पत्ता नाही, पाणचट आणि शेवटी कडसर. आमच्या संत्र्यात काय कमी आहे? — काटोल

तुमच्या संत्र्यात काहीच कमी नाही भाऊ. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. पण फळ म्हणून गोड असणं आणि बियरमध्ये टिकणं या वेगळ्या परीक्षा आहेत.

संत्र्याचा रस आंबवणाआधी घातला तर यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं. गोडवा गेला की मागे राहतं ते आम्ल आणि पाणी. म्हणून पाणचट. सुगंध तर रसात फार नसतोच. तो सालीवरच्या बारीक तेलपेशींत असतो. साल सोलताना हाताला लागून जो वास दिवसभर राहतो, तो तिथला. आणि शेवटचा कडसरपणा तुम्ही बागाईतदार म्हणून ओळखायला हवा: रस काढून ठेवला की तासा-दोन तासांनी कडवट होतो नं? लिमोनिन. फळात ते निराळ्या, बेचव रूपात असतं, रसाच्या आम्लात हळूहळू कडू होतं. बियांमध्ये तर ते भरपूर. बियांसकट रस काढणाऱ्या ब्रूपबला तुमचा अनुभव येणारच.

बेल्जियमवाले मुळात कडू संत्र्याची वाळलेली साल वापरतात. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल, आतला पांढरा पापुद्रा मात्र चिवट. तो खरवडून, फक्त नारिंगी भाग, उकळण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत किंवा आंबवण संपल्यावर थंड टाकीत घातला तर सुगंध राहतो. सोबत ताजे कुटलेले धणे. धण्यातलं लिनालूल आणि सालीतलं लिमोनीन (हे सुगंधी तेल, वरचं कडू लिमोनिन नव्हे) एकत्र आले की नाकाला अख्खं संत्रं भासतं. वर्षभर एकच चव मिळेल ही अपेक्षाही सोडा. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडावर, मृगाचं फेब्रुवारी-मार्चकडे, आणि दोघांच्या सालीत फरक असतो हे तुम्ही मला शिकवाल.

तुम्ही त्या ब्रूमास्टरला डिसेंबरात एक पेटी नुसत्या सालीसाठी देऊन बघा. मला फुकटची बियर नको; फक्त कशी झाली ते कळवा.

मुलाने पुण्याहून क्राफ्ट बियरच्या बाटल्या आणल्या. तिथे चाखली तेव्हा झकास, इथे उघडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी. बाटली बनावट असेल का? — मनीषनगर

बनावट नाही, भाजलेली. मे महिन्यात आणल्या असणार. बियर जुनी होताना प्राणवायूमुळे तिच्यात हाच ओल्या पुठ्ठ्याचा वास तयार होतो, आणि उष्णता ते काम झपाट्याने करते. आमच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवसांत बियर जेवढी म्हातारी होते, तेवढी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३ अंशांवर ३०० दिवसांत. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात. बंद गाडीच्या डिकीत त्याहून वर. एक रात्र त्या डिकीत म्हणजे काय ते समजा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली असेल तर उन्हाने आणखी एक वेगळाच उग्र वास येतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, कॅन पूर्ण अडवतो.

त्या बाटलीला मार्क देऊ नका. कोणी देत असेल तर बाजूला लिहा: ‘उन्हाळा, गाडीतून, अमुक तारीख.’ पुण्यात २००९ साली डूलालीने महाराष्ट्रातला पहिला ब्रूपब उघडला, तेव्हापासून तिथल्या लोकांना बियर टाकीशेजारी बसून प्यायची सवय लागली आहे. मुलाला म्हणावं, तिथेच पी, इकडे येताना बाकरवडी आण.

सावजीसोबत कोणती बियर? आम्ही आयपीए घेतली, तोंडाची नुसती आग. — महाल

होणारच. आयपीएचा कडूपणा तिखटाला चढवतो आणि बुडबुडे पोळलेल्या जिभेला आणखी टोचतात. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं हे खरं. पण पाच टक्क्यांच्या बियरमध्ये अल्कोहोल असतं किती? विझवायचं असेल तर दूध-दही, त्यातलं केसीन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं. पण सावजीच्या टेबलावर दही मागायची हिंमत तुमची तुम्ही करा.

माझी निवड: माल्टकडे झुकलेली, जरा गोडसर, तांबूस अँबर, किंवा धणेवाली विटबियर. मसाल्यातला धणा तिच्यातल्या धण्याला ओळखतो. काळी स्टाउट मटणाच्या काळ्या रश्श्यासोबत छान जमते, असं मला वाटतं. घरच्यांना वाटत नाही. आणि त्या रात्री मार्क बिर्क काही नाही. सावजीनंतरची जीभ सकाळपर्यंत साक्षीला घेऊ नये.

तुम्ही बाई असून… — पत्ता नाही

हो.

टेस्टिंगच्या ट्रेमध्ये चार छोटे ग्लास येतात. तेवढ्यावर गाडी चालवता येते ना? — प्रतापनगर

शंभर मिलिचे चार ग्लास, पाच टक्के धरले तर २० मिलि अल्कोहोल, वजनात साधारण १६ ग्रॅम. म्हणजे ३३० मिलिच्या एका पिंटपेक्षा जास्त. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि बारीक अंगकाठीच्या माणसाला ती गाठायला हा ट्रे पुरतो. ऑटो करा.

ताई, मी वर्ध्याची. आमचा जिल्हा दारूबंदीचा. मला हे वासांचं शास्त्र शिकायचंय, फूड टेक्नॉलॉजी करते. नागपूरहून एखादी बाटली आणून सराव करू का? घरी थोडी बनवून बघू का? — वर्धा

दोन्ही नाही. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे (चंद्रपूरची २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली). आणि घरी बियर गाळणं तर नागपुरातही परवान्याशिवाय गुन्हाच आहे. पण तुला बियरची गरजच नाही. चाखणाऱ्यांचं निम्मं शिक्षण स्वयंपाकघरात होतं.

झाकणाच्या छोट्या बरण्या घे. एकीत काळं पडत चाललेलं केळं, एकीत ठेचलेली लवंग, एकीत धणे, एकीत वितळलेलं लोणी, एकीत कणसं उकडलेलं पाणी, एकीत भिजवलेला पुठ्ठा, एकीत हिरव्या सफरचंदाची फोड. भाजके पदार्थ वेगळ्या ओळीत: कोरडा गहू, हलका भाजलेला, तांबूस भाजलेला, काळा. फिक्या लागरपासून स्टाउटपर्यंतचा माल्टचा प्रवास त्या चार बरण्यांत आहे. हॉप्सच्या जवळ जाण्यासाठी पपनसाची साल घे. अमेरिकेच्या कॅस्केड हॉप्सचा वास तिच्या शेजारचाच.

चिठ्ठ्या बरण्यांच्या तळाला चिकटव, आईला क्रम बदलायला सांग आणि डोळे मिटून ओळख. दहा मिनिटं, रोज. पहिल्या आठवड्यात धणे आणि पपनस यांची गल्लत होईल, लोण्याला सगळे ‘तूप’ म्हणतील. चालेल. नाक दमलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी युक्ती. नोकरीच्या मुलाखतीत लोणी आणि उकडलेला मका झटक्यात ओळखणाऱ्या मुलीला नाक असलेली मुलगी म्हणतात, आणि अशी माणसं ब्रुअरीतच नाही, दुधाच्या आणि चहाच्या कंपन्यांतही लागतात.

माझे साडू म्हणतात, एकाच कंपनीची बाटलीतली आणि टॅपवरची बियर सारखीच, बाकी सगळं डोक्यातलं. मी म्हणतो, फरक आहे. वाद तीन वर्षं जुना आहे. निकाल द्या. — सदर

निकाल मी कशाला देऊ, घरीच लागेल. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० च्या दशकात अशा वादांसाठी एक पद्धत वापरात आली. तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. समोर तीन ग्लास, दोनांत एकच बियर, एकात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. कोणती चांगली ते विचारायचंच नाही.

सहा जण जमवा. दोन्ही बियर एकाच फ्रिजमध्ये, सारख्या थंड. रंगावरून ओळखू नये म्हणून काचेऐवजी स्टीलची फुलपात्रं. ओतायचं काम दोघी बहिणींपैकी एकीने दुसऱ्या खोलीत करायचं, तीन-तीन फुलपात्रांवर आकडे टाकायचे आणि प्रत्येकासाठी क्रम बदलायचा. ओतणारीने समोर यायचंही नाही, चेहऱ्यावरून कळतं. फक्त दोन घोट प्रत्येकी.

नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतंच. त्यामुळे सहापैकी दोघा-तिघांनी ओळखलं तर साडूंचं खरं धरा. पाच किंवा सहा जणांनी ओळखलं तर फरक आहे, कबूल करावं लागेल. चौघांनी ओळखलं तर निकाल नाही. नशिबाने इतकं दहातून एकदा होऊ शकतं. मग पुढच्या रविवारी आणखी माणसं बोलवा. नऊ जण असतील तर सहा जणांनी ओळखायला हवं.